दुखण्याला शब्द आहेत, सुखाला?

मैत्रिणींनो, आजचा विषय थोडा अवघड आहे. हळदीकुंकवाला तो निघत नाही, भिशीत निघाला तर हसण्यावारी जातो आणि डॉक्टरांसमोर तर जीभच उचलत नाही. म्हणून म्हटलं, इथेच बोलूया. दुपारी घर शांत झालं की निवांत वाचा. पुरवणी गादीखाली लपवायची मात्र गरज नाही. नवऱ्याच्या हाती पडली आणि त्यानेही वाचली, तर उत्तमच.

आपल्या बोलीत बाईच्या शरीराबद्दल किती शब्द आहेत ते एकदा आठवून बघा. अंगावरून जातंय, पांढरं जातंय, ओटीपोटात कळ येते, कंबर धरलीय, अंग बाहेर आलंय, दिवस गेलेत, दिवस भरलेत, पाळी गेली. प्रत्येक दुखण्याला, प्रत्येक टप्प्याला नाव आहे. आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांना ते कळतं. पण याच शरीराला जे सुख मिळू शकतं, त्याला काय म्हणतो आपण? काहीच नाही. नवरा-बायकोच्या संबंधांविषयी बोलायची वेळ आलीच, तर आपली वाक्यं अशी असतात: 'त्यांना हवं असतं', 'नाही म्हणता येत नाही', 'उरकून टाकायचं'. करणारा तो, आपण फक्त हजर!

पुस्तकी मराठीत कामतृप्ती, रतिसुख असे शब्द आहेत, पण ते पुस्तकातच राहिले. 'ऑरगॅझम' हा इंग्रजी शब्द आता मोबाइलवरून घरोघरी पोचलाय, पण त्याचा अर्थ कुणाला विचारायचा? माझं म्हणणं एवढंच आहे, की ज्या गोष्टीला शब्द नाही ती मागता येत नाही. ती मिळाली नाही तर तक्रारही करता येत नाही. आणि मग वर्षानुवर्षं 'आपल्यातच काहीतरी कमी आहे' असं मनात धरून बाई गप्प बसते.

हे मौन आलं कुठून? एक कारण अगदी साधं आहे. मूल होण्यासाठी पुरुषाची तृप्ती लागते, बाईची लागत नाही. दोन मुलं झाली की घरच्यांच्या लेखी संसार 'व्यवस्थित' चाललेला असतो. त्या दोन मुलांच्या आईला कधी सुख मिळालं का, हे विचारायचं कारणच कुणाला पडत नाही.

तर आधी हे सुख म्हणजे नेमकं काय, ते समजून घेऊ. मन रमलं, स्पर्श आवडला की बाईच्या जननेंद्रियांकडे रक्तपुरवठा वाढतो, योनीत ओलावा येतो, श्वास आणि छातीचे ठोके वाढतात. शरीरातला ताण चढत जातो. एका क्षणी योनीभोवतालचे आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आपोआप, एका लयीत आकुंचन पावतात. हे काही सेकंदच चालतं, पण सुखाची लाट उठते आणि मग सगळं अंग सैल, शांत होतं. कुणाला ती लाट जोराची जाणवते, कुणाला हलकी. एकाच बाईला आज एक अनुभव, तर महिन्याने वेगळा. सिनेमात दाखवतात तसा आरडाओरडा झालाच पाहिजे, असं मुळीच नाही.

या सुखाचं मुख्य केंद्र कुठे आहे, हे तर आपल्यापैकी अनेकींना माहीतच नसतं. योनीमुखाच्या वर, लघवीच्या जागेच्याही वर, जिथे आतले दोन ओठ एकत्र येतात तिथे एक छोटा दाण्याएवढा उंचवटा असतो. त्याला शिश्निका म्हणतात, इंग्रजीत क्लिटोरिस. बाहेर दिसतो तो तिचा फक्त टोकाचा भाग. बाकीची आत असते आणि योनीच्या दोन्ही अंगांना तिच्या शाखा पसरलेल्या असतात. प्रत्येक शाखा साधारण ५ ते ९ सेंटीमीटर लांब! ऑस्ट्रेलियातल्या मूत्ररोगतज्ज्ञ डॉ. हेलन ओकॉनेल यांनी १९९८ मध्ये शवविच्छेदनाच्या आधारे ही रचना नीट मांडली. तोवर वैद्यकाच्या अनेक पुस्तकांत या अवयवाला धड जागाही नव्हती. या अवयवाला संवेदना पोचवणारे मज्जातंतू मोजले गेले ते तर थेट २०२२ मध्ये, आणि ते भरले १० हजारांहून जास्त. बाईच्या शरीरात या अवयवाला सुखाखेरीज दुसरं ठळक काम नाही. निसर्गाने दिलेलंच आहे, आपण उसनं मागत नाही आहोत!

आता 'प्रकारां'विषयी. मोबाइलवर हल्ली याद्याच येतात, बाईच्या तृप्तीचे इतके प्रकार आणि तितके प्रकार. त्या वाचून आधीच गोंधळलेली बाई आणखी खचते. म्हणून थोडा इतिहास सांगते. सिग्मंड फ्रॉइड या प्रसिद्ध मानसशास्त्रज्ञाने १९०५ मध्ये असं मांडलं, की शिश्निकेतून मिळणारं सुख लहान वयाचं असतं. मुलगी वयात आली, पूर्ण स्त्री झाली की तिचं सुख योनीत सरकायला हवं. याला पुरावा काहीच नव्हता. पण त्यानंतर कित्येक वर्षं डॉक्टरांनी बायकांना 'अपूर्ण' ठरवलं, थंड ठरवलं. १९६६ मध्ये मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकी संशोधकांनी प्रयोगशाळेत प्रत्यक्ष नोंदी घेऊन दाखवलं, की स्पर्श कुठेही होवो, शरीराचा प्रतिसाद मुळात एकच असतो.

मग प्रकार नसतातच का? वाटा वेगवेगळ्या असतात, असं म्हणूया. बहुतेकींना बाहेरून, शिश्निकेच्या स्पर्शाने हे सुख मिळतं. काहींना आतून, संबंधाच्या वेळी मिळतं. तेव्हाही शिश्निकेच्या आतल्या शाखा दाबल्या जात असतात. काहींना दोन्ही एकत्र लागतं. काहींना स्तनांच्या स्पर्शानेही तिथवर जाता येतं. आणि काहींना झोपेत, स्वप्नात हा अनुभव येतो. अमेरिकेत १९५३ मध्ये आलेल्या किन्से यांच्या अभ्यासात ४५ वर्षांपर्यंतच्या सुमारे ३७ टक्के बायकांनी हे कबूल केलं होतं. तेव्हा असं कधी झालं असेल, तर घाबरू नका. बाहेरचं काही लागलेलं नाही की मनात पाप नाही. 'जी-स्पॉट'चा गाजावाजाही खूप झाला; पण तसा वेगळा अवयव असतो, हे शास्त्राला ठामपणे दाखवता आलेलं नाही. तो सापडत नाही म्हणून कुणी हिरमुसायला नको. यातली कुठलीही वाट वरची नाही, कुठलीही खालची नाही.

एक आकडा मात्र लक्षात ठेवा. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत फक्त सुमारे १८ टक्के बायकांनी सांगितलं, की नुसत्या संबंधाने त्यांना तृप्ती मिळते. बाकी बहुतेकींना शिश्निकेचा स्पर्श लागतो किंवा त्याने सुख वाढतं. पाहणी तिकडची असली, तरी शरीराची रचना इकडेही तीच आहे. म्हणजे 'मला तसं काही होत नाही' म्हणणारी बाई अपवाद नाही, तीच बहुसंख्येत आहे. दोष तिच्यात नाही, आणि खरं सांगायचं तर प्रत्येक वेळी नवऱ्यातही नाही. त्यालाही कुणी शिकवलेलं नसतं. त्याचं शिक्षण होतं मित्रांच्या फुशारक्यांतून आणि मोबाइलवरच्या अश्लील चित्रफितींतून. तिथली बाई पैसे घेऊन नाटक करत असते, हे त्याच्या ध्यानात येत नाही.

'हे सगळं पाश्चात्त्य खूळ' असं म्हणणारे भेटतीलच. त्यांना सांगा, की वात्स्यायनाच्या कामसूत्रात स्त्रीला सुख कसं मिळतं यावर आचार्यांचा चक्क वाद आहे. आणि वात्स्यायनाचा निष्कर्ष असा, की सुख दोघांनाही मिळतं, म्हणून आधी स्त्रीची तृप्ती होईल असं पुरुषाने वागावं. आपल्या महाराष्ट्रात र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं आणि कामसुखावर बाईचाही हक्क आहे, हे स्वच्छ मराठीत लिहिलं. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची बाजू कोणी लढवली? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पण मासिक ते मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत चालवत राहिले. आपल्या भाषेत यासाठी दंड भरून ठेवलेला आहे, मैत्रिणींनो! आता आपण बोलायला काय हरकत आहे?

आणखी एक आक्षेप मला ठाऊक आहे. पाणी नाही, पगार पुरत नाही, पोरांच्या परीक्षा, सासूबाईंचं आजारपण, त्यात हा कसला चोचला! पण विचार करा. दिवसभर सगळ्यांसाठी राबणाऱ्या बाईच्या वाट्याला तिच्या स्वतःच्या शरीराचं सुखही येऊ नये, हा कुठला न्याय? नवऱ्याच्या सुखाला कुणी चोचला म्हणत नाही. त्याला 'गरज' म्हणतात.

मग करायचं काय? पहिली गोष्ट, स्वतःच्या शरीराची ओळख करून घ्या. आरसा धरून बघितलं तर काही बिघडत नाही. स्वतःच्या हाताने सुख घेतल्याने अशक्तपणा येत नाही, पाळी बिघडत नाही, मूल व्हायला अडचण येत नाही. काय आवडतं हे आपल्यालाच ठाऊक नसेल, तर दुसऱ्याला काय सांगणार?

दुसरी गोष्ट, नवऱ्याशी बोला. भांडणाच्या सुरात नको आणि ऐन वेळीही नको. एरवी, फिरायला गेल्यावर, चहा पिताना. 'हे आवडतं', 'जरा थांब', 'घाई नको' एवढ्या तीन वाक्यांनी सुरुवात होते. दोन खोल्यांचं घर, पलीकडे सासू-सासरे, मधे झोपलेलं पोर. अशात निवांतपणा मिळत नाही, हे खरंच आहे. पण निवांतपणा हीसुद्धा संसाराची गरज आहे, हे दोघांनी मिळून ठरवलं तर आठवड्यातून एखादी वेळ काढता येते. आणि खोटं समाधान दाखवू नका. त्याने त्याला वाटतं, की सगळं ठीक चाललंय.

तिसरी गोष्ट, दुखत असेल तर सोसू नका. बाळंतपणानंतर किंवा पाळी गेल्यावर कोरडेपणा येतो. त्यावर औषधाच्या दुकानात मिळणारं पाण्यासारखं जेल वापरता येतं, डॉक्टर मलमही देतात. खोबरेल वापरत असाल, तर एक लक्षात ठेवा, तेलाने रबराचा निरोध फाटू शकतो. संबंधाच्या वेळी स्नायू आवळून येतात, आत काही जाऊच शकत नाही, असं होत असेल तर त्यावरही उपचार आहेत. मधुमेह, थायरॉइड, नैराश्यावरच्या काही गोळ्या यांनीही इच्छा आणि तृप्ती कमी होते. गोळ्या मनानेच बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. जाहिरातींतल्या तेलांवर आणि चूर्णांवर मात्र पैसे घालवू नका.

आणि चौथी गोष्ट, 'नको' म्हणायचा हक्क. जिथे नको म्हणता येत नाही, तिथे हवं म्हणण्याला अर्थ उरत नाही. जबरदस्ती, अपमान हे लग्नाच्या नात्यातही चालणार नाही. कौटुंबिक हिंसाचारविरोधी २००५ च्या कायद्याने लैंगिक छळही हिंसेतच धरला आहे.

राहिला प्रश्न शब्दांचा. लग्न ठरलेल्या लेकीला आपण पुरणाचा घाट शिकवतो, सासरी कसं वागायचं ते सांगतो, आणि या बाबतीत 'तो म्हणेल तसं कर' एवढं सांगून मोकळ्या होतो. यापुढे तिला एक वाक्य जास्तीचं सांगूया: 'तुलाही सुख मिळायला हवं, आणि नाही मिळालं तर बोल.' मुलगा असेल तर त्यालाही सांगूया, की बायकोला विचार. शब्द कुठला वापरायचा तो तुम्ही ठरवा. तृप्ती म्हणा, समाधान म्हणा, दोघांपुरता घरगुती शब्द तयार करा. पण शब्द असू द्या. दुखण्याची भाषा आपल्या आज्यांनी आपल्याला दिली. सुखाची भाषा नातींना देण्याचं काम आपलं आहे.