पाण्याखाली आग्रह नसतो

आमच्या कोळवण खोऱ्यात पाहुण्याचं पोट पहिल्या वाढपात भरत नाही. नव्या इंद्रायणीचा वाफाळता भात, वर आमटी, आणि पानावर आडवा धरलेला हात. तो हात कुणी मनावर घेत नाही. ‘नको’ म्हणजे ‘थोडंच वाढा’ असा अर्थ आम्ही लहानपणीच शिकतो. आग्रह करणं ही आमची माया आहे आणि तिचा मला अभिमान आहे. पण गेल्या डिसेंबरात मालवणच्या समुद्रात कळलं, की एका जागी ही माया जिवावर बेतू शकते.

भाताची झोडणी उरकली, पेंढा रचून झाला आणि आम्ही घरची-शेजारची अकरा माणसं टेम्पो ट्रॅव्हलर करून निघालो. तात्या साठीच्या पुढचे, वहिनी पंचेचाळिशीच्या, बाकी चुलतभाऊ आणि त्यांचे मित्र. सगळ्यांच्या डोक्यात एकच होतं, स्कूबा. पौडवरून महामार्ग, मग कोल्हापूर, राधानगरी, दाजीपूर आणि पहाटे फोंडा घाट. घाट उतरताना वहिनी म्हणाल्या, “कानाला दडे बसले.” सगळ्यांनीच आवंढे गिळले, कुणी जांभई दिली, कान मोकळे झाले. पुढच्या दिवसाचा पहिला धडा तिथेच मिळाला होता, पण तेव्हा तो कुणाच्या ध्यानात आला नाही.

मालवणच्या किनाऱ्यावरून समोर सिंधुदुर्ग दिसतो. कुरटे बेटावर १६६४ साली शिवाजी महाराजांनी या किल्ल्याचा पाया घातला. चहूकडे खारं पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. आम्ही डोंगरातली माणसं. तिकोन्यावर चढलं की समोर लोहगड दिसतो, तो रोजच्या ओळखीचा. तो लोहगड आणि हा सिंधुदुर्ग २०२५ साली एकाच नोंदीने जागतिक वारशाच्या यादीत गेले. तटाच्या सावलीत होडी थांबली तेव्हा परमुलखात आल्यासारखं वाटलं नाही.

तटाखालचं पाणीही तितकंच मोलाचं आहे. १९८७ साली इथे मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. राज्यातलं ते पहिलं सागरी अभयारण्य, साधारण २९ चौरस किलोमीटरचं. पुढे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्लीत स्कूबाचं प्रशिक्षण केंद्र काढलं. सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांचा त्यात मोठा वाटा आहे. रापण ओढणाऱ्या घरांतली पोरं समुद्र जन्मापासून जाणत होती, आता ती त्याच पाण्यात पर्यटकांचा हात धरून उतरतात. पावसाळ्यात हे सगळं बंद असतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी त्यातल्या त्यात नितळ असतं, म्हणून आम्ही झोडणीनंतरचा मुहूर्त धरला होता.

पहिल्या ठिकाणी चौकशी केली. तिथल्या माणसाने आमची तब्येत विचारली नाही, फक्त डोकी मोजली आणि म्हणाला, “तासाभरात सगळे मोकळे करतो.” तिथून आम्ही उठलो. दुसऱ्या ठिकाणी प्रत्येकाच्या हातात एक कागद ठेवला. दमा आहे का, हृदयाचा त्रास आहे का, रक्तदाबाची गोळी चालू आहे का, फिट येते का, कानाचं ऑपरेशन झालंय का, सध्या सर्दी आहे का? मी शिकलेला म्हणून अकराही कागद माझ्याकडे आले. मी पेन काढलं आणि वरून खाली ‘नाही’, ‘नाही’, ‘नाही’ अशा खुणा करत गेलो. तात्या सकाळी चहाबरोबर रक्तदाबाची गोळी घेतात, हे मला ठाऊक होतं. धाकट्या चुलतभावाला दोन दिवस पडसं होतं, तेही ठाऊक होतं. पण एवढ्या लांब आलोय, तर कुणी मागे राहू नये, एवढंच माझ्या मनात होतं. कागदावरचा तो आग्रहच होता.

आम्हाला नेणारा डायव्हर गाबीत समाजातला, चाळिशीचा. त्याने कागद पाहिले आणि प्रत्येकाला पुन्हा तोंडी विचारलं. चुलतभाऊ नाक ओढत म्हणाला, “सर्दी न्हाई, प्रवासाची धूळ.” तात्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ते “काय न्हाई” म्हणाले. मग त्याने नियम सांगितले. श्वास तोंडाने घ्यायचा, आणि काही झालं तरी रोखायचा नाही. दर हातभर खाली गेलं की नाक चिमटीत धरून हलकी फुंकर मारायची, कान मोकळे करायचे. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. आणि अंगठा वर केला, तर त्याचा अर्थ ‘छान’ असा नाही, ‘मला वर न्या’ असा आहे. शेवटी तो म्हणाला, “अंगठो वर केल्यात की वर हाडतलंय. कारण इचारूचंय नाय.”

हे वाक्य जगभरच्या बुडी मारणाऱ्यांचा पाया आहे. कोणीही, केव्हाही, कारण न देता बुडी थांबवू शकतो, आणि जोडीदाराने त्याच्याबरोबर वर यायचं असतं. त्यामागे निसर्गाचं गणित आहे. घाट साधारण ६०० मीटर उतरलं की हवेचा दाब सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो आणि कानाला दडे बसतात. पाण्यात तेवढाच दाब वाढायला पाऊण मीटरसुद्धा खोली लागत नाही. म्हणजे अख्खा फोंडा घाट कमरेएवढ्या पाण्यात मावतो. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो. पाच मीटरवर छातीभर श्वास घेऊन तो रोखून वर आलं, तर तीच हवा दीडपट फुगते आणि फुप्फुसाला इजा करते. ‘जास्त खोल जायचं नाही, मग कसली भीती’ हे म्हणणं म्हणूनच खोटं आहे. प्रमाणात पाहिलं तर दाबातला सगळ्यात मोठा फरक पहिल्या दहा मीटरांतच पडतो.

पाठीवर टाकी चढवली तेव्हा फवारणीच्या पंपाची आठवण झाली, फक्त वजन बरंच जास्त. आमच्यातले सगळे तिला ‘ऑक्सिजनची टाकी’ म्हणत होते. तिच्यात असते साधी हवाच, गाळून, कोरडी करून, दाबून भरलेली. अकरा लिटरच्या टाकीत दोन हजार लिटरच्या वर हवा बसते. ती तोंडाशी पोचवणारा रेग्युलेटर १९४३ साली फ्रान्समध्ये जाक-इव्ह कूस्तो आणि अभियंता एमिल गान्यां यांनी घडवला. त्याची करामत एकच: तुम्ही श्वास ओढलात की तो हवा देतो, नाही ओढलात की थांबतो. मागितल्याशिवाय वाढत नाही. पंगतीत वाढलेल्या मला हे यंत्र फार शहाणं वाटलं.

आम्ही पाच-सहा मीटर उतरलो. पहिली दोन मिनिटं फक्त आपलाच श्वास ऐकू येतो, वर जाणाऱ्या बुडबुड्यांचा गडगडाट. मग नजर स्थिरावते. खडकावर तपकिरी, पिवळट प्रवाळ. त्याच्या फटीतून काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे आत-बाहेर करत होते. एका प्रवाळाचा आकार थेट वाळत घातलेल्या शेणीसारखा, पण जवळ गेलं की दिसतं, त्याच्यावर हजारो बारीक तोंडं आहेत आणि प्रत्येक तोंड म्हणजे एक जिवंत प्राणी. माझ्या बोटात आजोबांची पोवळ्याची अंगठी आहे. पोवळं हेही समुद्रातल्या अशाच प्राण्यांनी बांधलेलं घर, हे पुस्तकात वाचलं होतं. अंगठीचं बोट आणि ते जिवंत प्रवाळ एका नजरेत आलं तेव्हा ते खरं समजलं. हे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत. त्यांच्यावर पाय ठेवणं, तुकडा तोडणं तर सोडाच, हातही लावू नये. आजूबाजूच्या काही होड्यांवरून माशांना पाव टाकत होते. फोटोत मासे भरपूर येतात, पण पाव हे त्यांचं खाणं नाही. शेवाळ खरवडून खाणारे मासे पावाच्या नादी लागले, की खडकावर शेवाळ माजतं आणि प्रवाळ गुदमरतं. तिथेही आग्रह नको.

चुलतभावाची पाळी आली. दीड-दोन मीटरवरच त्याने कान धरला आणि अंगठा वर केला. डायव्हरने क्षणभरही न थांबता त्याला सावकाश वर आणलं. सर्दीने नाक आणि कान जोडणारी नळी बंद असते, फुंकर कितीही मारली तरी दाब सारखा होत नाही. तरी खाली जात राहिलं तर पडदा फाटू शकतो, आत थंड पाणी शिरून गरगरायला लागतं, आणि पाण्याखाली गरगरणं म्हणजे वर-खाली न कळणं. होडीत तो खाली मान घालून बसला. आमचं लगेच सुरू झालं: “आणखी एकदा बघ, एवढे पैसे भरलेत, इथवर आलास.” डायव्हरने हात वर करून आम्हाला गप्प केलं. “तेका नको आसा,” एवढंच म्हणाला.

होडीत सगळे शांत झाले. आणि मग तात्या बोलले, “मला बी न्हाई उतरायचं. मगाचच म्हणणार होतो. पण तुम्ही एवढ्या आवडीनं आणलंत.”

तात्यांचं हे बोलणं माझ्या मनातून जात नाही. सकाळपासून माणूस मनात ‘नको’ धरून बसला होता आणि आमच्या मायेखाली तो शब्द दबून गेला होता. पोराच्या ‘नको’ला मान मिळाला, तेव्हाच तात्यांना आपला ‘नको’ उच्चारता आला. बुडी मारताना होणाऱ्या मृत्यूंमागे हृदयविकार हे एक मोठं कारण असतं. पाण्यात शरीराचं बरंच रक्त हातापायांतून छातीकडे सरकतं, हृदयावर ताण येतो. साठीच्या पुढचा, गोळी घेणारा माणूस मी माझ्या पेनाच्या खुणेने तिथवर आणला होता. मी डायव्हरला कागदाची खरी गोष्ट सांगितली. तो रागावला नाही. म्हणाला, कागद तुमच्यासाठी असतो, आमच्यासाठी नव्हे.

या किनाऱ्याने दुःखही पाहिलं आहे. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीत स्कूबाहून परतणारी होडी उलटून दोन पर्यटक गेले. म्हणून बुडीइतकंच होडीतल्या माणसांच्या संख्येकडे, अंगावरच्या जॅकेटकडे आणि हंगामाकडे लक्ष द्यायला हवं. त्या रात्री आम्ही मालवणातच मुक्काम केला. एका बुडीनंतर विमानात बसायला किमान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर १८ तास थांबावं, असा नियम आहे. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडावा लागतो. उंच घाट चढणं म्हणजेही कमी दाबात जाणं, हे आमच्यासारख्या घाटमाथ्यावरच्या माणसांनी लक्षात ठेवावं. आमची बुडी उथळ होती, तरी घाई नको, असं वहिनींनी ठरवलं. त्या सगळ्यांच्या शेवटी उतरल्या आणि सगळ्यांत निवांत परत आल्या. तात्या दुसऱ्या दिवशी किल्ल्यावर फिरले, दूधबावीचं पाणी ओंजळीत घेतलं आणि म्हणाले, “माझी ट्रिप झाली.”

परत आल्यावर गावच्या नदीकडे वेगळ्या नजरेने पाहतो. आमच्या आजोबांच्या पिढीने विहिरीत, पाठीला भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून पोहणं शिकवलं. तेव्हा काठावर शिकवणारा माणूस असायचा. आता विहिरींवर मोटार आहे, माणूस नाही. आमच्या मुळशी तालुक्यात दर पावसाळ्यात कुणीतरी बुडाल्याची बातमी येते, आणि बहुतेक वेळा काठावर मित्रांचा घोळका असतो. त्या घोळक्यात कुणीतरी ‘नको’ म्हटलेलं असतं आणि कुणीतरी ‘चल रे, काय होतंय’ म्हटलेलं असतं.

म्हणून वाचकांना सांगणं एवढंच. स्कूबाला जरूर जा, सिंधुदुर्गच्या तटाखालचं जग बघण्यासारखं आहे. जाण्याआधी महिनाभर पोहायला शिका. आरोग्याचा कागद प्रत्येकाने स्वतःच्या हाताने, खरा भरावा. जो तब्येतीची चौकशी करत नाही, त्याच्याकडून उठून या. आणि आपल्या गटात कुणी ‘नको’ म्हणालं, तर कारण विचारू नका. जेवणाचा आग्रह घरी, पंगतीत करा. पाण्याच्या काठावर ‘नको’चा अर्थ ‘नको’ एवढाच असतो.