उष्टे नाकारणारे हात आणि बाटलीतील शेवटचा थेंब

स्मरणिकेत सहसा संस्थेच्या वाटचालीचा आढावा, गुणवंत विद्यार्थ्यांची नामावली आणि मान्यवरांच्या शुभेच्छा असतात. त्या सर्वांचे मोल आम्ही जाणतो. तथापि निवासी विद्यालयात मुले शिकतात तशी राहतातही. आणि राहणे म्हटले की तेल, साबण, दंतमंजन, शाम्पू, धुण्याचा साबण ही सामग्री ओघानेच येते. ट्रंकेत नीट रचलेल्या ह्या वस्तूंमागे पालकांचा घाम असतो. म्हणून ह्या अंकात एका वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या विषयावर लिहिण्याचे आम्ही ठरविले आहे: बाटलीच्या तळाशी आणि नळीच्या कडेला जे उरते, त्याचे काय करावे?

कोणत्याही वसतिगृहात गेल्यास दोन दृश्ये दिसतात. एखादा मुलगा टूथपेस्टची नळी कात्रीने उभी चिरून आतली पेस्ट ब्रशवर घेतो. तेलाची बाटली रात्रभर झाकणावर उलटी ठेवतो. शेजारचा त्याला ‘कंजूष’ म्हणून हसतो. चार वेळा हसल्यावर तो मुलगा नळी चिरणे सोडून देतो आणि शिल्लक असलेली नळी सर्वांदेखत कचऱ्यात टाकून आपणही सुस्थितीतले आहोत, हे दाखवू लागतो. घरीही कधी त्याला वडीलधारे सांगतात, ‘आम्ही उष्ट्यापाष्ट्यावर दिवस काढले, तुम्ही तरी असे खरवडत बसू नका.’ हसणाऱ्या मुलाला समजावणे सोपे आहे. वडीलधाऱ्यांच्या ह्या वाक्यामागे मात्र इतिहास उभा आहे, आणि त्याला उत्तर देणे आम्हांस अधिक अगत्याचे वाटते.

गावगाड्यात महार समाजाच्या वाट्याला जे आले, त्यात दारोदार मागून आणलेली भाकरी होती, शिळे अन्न होते, मेलेल्या जनावराचे मांस होते. कामाचा मोबदला हक्काच्या मजुरीऐवजी उरल्यासुरल्या तुकड्यांनी दिला जात असे. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे भरलेल्या परिषदेत बाबासाहेबांनी चवदार तळ्याच्या पाण्याचा हक्क बजावला, हे प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असते. त्याच परिषदेत त्यांनी आपल्या बांधवांना मृतमांस सोडा, उष्टे तुकडे घेणे बंद करा, असेही बजावले होते, हे तितकेसे सांगितले जात नाही. पाण्याचा हक्क घेणे आणि उष्ट्याची लाचारी टाकणे ही एकाच चळवळीची दोन पावले होती. आमच्या आजी-आजोबांनी उपाशी राहून तो उपदेश पाळला. ‘खरवडणे’ ह्या शब्दाचीच ज्यांना शिसारी यावी, अशी ती पिढी होती.

परंतु उष्टे म्हणजे काय? दुसऱ्याने भोगून टाकलेले आणि उपकार म्हणून आपल्या पदरात घातलेले, ते उष्टे. बाटलीच्या तळाशी राहिलेले तेल कोणाचे? ज्याने पूर्ण बाटलीचे पैसे मोजले, त्याचे. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणाऱ्या बापाने किंवा चार घरची धुणीभांडी करणाऱ्या आईने ते आपल्या मजुरीतून विकत घेतले आहे. ते वापरण्यात लाचारी कसली? दुसऱ्याचा तुकडा नाकारण्याचा जो स्वाभिमान, तोच आपल्या कष्टाचा थेंब वाया जाऊ देत नाही, असे आमचे मत आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. काटकसरीची थोरवी गाणे म्हणजे गरिबांना गरिबीतच समाधान मानण्यास शिकविणे नव्हे काय? हा आक्षेप आम्ही गांभीर्याने घेतो, कारण तो मुळात बाबासाहेबांचाच आहे. १९५० साली ‘महाबोधी’ नियतकालिकात बुद्ध आणि त्याच्या धम्माच्या भवितव्याविषयी लिहिलेल्या लेखात त्यांनी धर्माच्या कसोट्या सांगितल्या. त्यांपैकी एक अशी की धर्माने दारिद्र्याला पवित्र ठरवू नये वा त्याचे उदात्तीकरण करू नये. म्हणून जे श्रीमंत आपल्या घरी उधळपट्टी करतात आणि कामवालीला बचतीचे धडे देतात, त्यांच्या उपदेशाला आमच्या लेखी किंमत नाही. मजुरी वाढली पाहिजे, शिष्यवृत्ती वेळेवर मिळाली पाहिजे. बाटली उलटी ठेवल्याने ह्या मागण्या मिटत नाहीत. मात्र हक्क मागणाऱ्यालाच आपल्या पैशाचा हिशेब अधिक चोख ठेवावा लागतो.

तथागतांनीही गृहस्थाला भणंगपण शिकविलेले नाही. अंगुत्तर निकायात दीघजाणू नावाच्या कोळिय गृहस्थाला ते समजीविता, म्हणजे आय पाहून समतोलाने जगणे, समजावून सांगतात. तराजू धरणारा जसा पारडे किती झुकले हे जाणतो, तसे गृहस्थाने आपले उत्पन्न आणि खर्च जाणावे. मिळकत थोडी आणि राहणी थाटाची असेल, तर लोक त्याला उंबरे खाणाऱ्याची उपमा देतात: झाड गदागदा हलवायचे, पुष्कळ फळे पाडायची आणि खायची मात्र थोडी. पुष्कळ मिळकत असून हालाखीत जगणाऱ्यालाही तेथे दोष दिला आहे. उधळेपणा आणि चिक्कूपणा ह्या दोहोंच्या मधली ही वाट आहे.

विनयपिटकातील चुल्लवग्गात भदंत आनंद आणि कोसंबीचा राजा उदेन ह्यांचा संवाद येतो. राण्यांनी आनंदांना पाचशे चीवरे दान दिली. राजा रुष्ट झाला. इतक्या वस्त्रांचे हा श्रमण करणार काय, दुकान मांडणार काय? आनंदांनी शांतपणे सांगितले की ज्या भिक्खूंची चीवरे जीर्ण झाली आहेत, त्यांना ही वाटून देऊ. मग त्या जुन्या चीवरांचे काय? त्यांची अंथरुणावरची आच्छादने करू. ती जुनी झाली की? गादीच्या खोळी, पुढे जमिनीवरची अंथरणे, पुढे पायपुसणी, पुढे धूळ झटकण्याची फडकी, आणि शेवटी त्या चिंध्या कुटून, चिखलात कालवून जमीन सारवू. राजा प्रसन्न झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. दिलेले वाया जात नाही, हा हिशेब येथे दात्याला मिळाला आहे. आपल्या मुलांचे दाते त्यांचे आईवडील होत.

आता बाजाराकडे पाहू. अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ ह्या ग्राहक नियतकालिकाने २००९ साली केलेल्या पाहणीत असे आढळले की त्वचेला लावायच्या लोशनचा काही बाटल्यांत पाव हिस्सादेखील आतच राहतो. कपडे धुण्याच्या द्रवाचा १६ टक्क्यांपर्यंत आणि केचपसारख्या पदार्थांचा १५ टक्क्यांपर्यंत. वेष्टनावर छापलेले ‘निव्वळ वजन’ आत किती भरले ते सांगते. त्यातले बाहेर किती येईल, हे सांगत नाही. दाट द्रव भिंतीला चिकटतो, अरुंद मानेतून उतरत नाही, आणि दाबायच्या पंपाची नळी तळाला पोहोचत नाही. हे अटळ आहे असेही नाही. १८४१ साली जॉन गॉफ रँड ह्या अमेरिकन चित्रकाराने रंगासाठी कथलाची दाबून रिकामी करता येणारी नळी शोधून काढली. धातूची नळी गुंडाळली की गुंडाळलेलीच राहत असे. आजची प्लास्टिकची नळी पुन्हा फुगते. २०१२ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील प्राध्यापक कृपा वाराणसी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी केचप अलगद घसरून बाहेर यावे असा बाटलीचा निसरडा अस्तर-लेप दाखविला. म्हणजे विज्ञान आहे. पण बाटली कशी असावी हे ठरविणारा एक आणि आत राहिलेल्याचे पैसे भरणारा दुसरा.

विज्ञान दुकानात येईपर्यंत आपल्या घरांतील ज्ञान पुरेसे आहे, आणि त्याला आम्ही ज्ञानच म्हणतो. तेलाची पिशवी रिकामी झाली की आया ती उभी कापून त्यात कणकेचा गोळा फिरवितात. लोणच्याची बरणी संपत आली की तिच्यातच गरम भात कालवितात. दुधाची पिशवी विसळून ते पाणी चहाच्या आधणात जाते. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठते, म्हणून थंडीत बाटली उन्हात ठेवतात. शाम्पूच्या बाटलीत चार चमचे पाणी घालून हलविले की आणखी दोन न्हाणी होतात. जेथे नळाला कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी येते, त्या आपल्या शहरात विसळण्याचे पाणीही मोजूनच घ्यावे आणि ते बादलीत वापरात आणावे. एक रुपयाच्या पुडीत काही उरत नाही, हे खरे. पण बाटलीला भंगारवाला पैसे देतो, पुडीच्या वेष्टनाला कोणी देत नाही. ते नालीत जाते.

काही बाबतींत मात्र हात आखडता घ्यावा. संडास-न्हाणी धुण्याच्या आम्लाच्या बाटलीतले उरलेले कधीही ब्लीचिंग पावडरमध्ये मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. कीटकनाशकाची बाटली कितीही धुतली तरी पाण्यासाठी वापरू नये. मुदत संपलेले औषध ‘थोडेच आहे’ म्हणून मुलाला पाजू नये. काटकसर जिवावर बेतली तर ती काटकसर राहत नाही.

ह्या प्रश्नाची आणखी एक बाजू आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगावच्या कचरा डेपोस परिसरातील ग्रामस्थांनी विरोध केला आणि आपल्या शहरात कितीतरी आठवडे रस्त्यारस्त्यांवर कचरा कुजत पडला. तेव्हा सर्वांना कचरा दिसला. तो उचलणारे हात थोड्यांनाच दिसले. ते हात बहुतांशी कोणाच्या वस्तीतून येतात, हे ह्या स्मरणिकेच्या वाचकांस सांगण्याची गरज नाही. अर्धवट भरलेली, चिकट, मुंग्या लागलेली बाटली आपण फेकतो, तेव्हा ती आपल्याच एखाद्या मावशीच्या उघड्या हातांनी निवडली जाते. पूर्ण रिकामी करून, विसळून, कोरडी दिलेली बाटली ही तिच्या श्रमाचा राखलेला मान होय.

म्हणून पुंडलिकनगरातील आपल्या विद्यालयापुढे आम्ही तीन साध्या सूचना ठेवतो. स्नानगृहाजवळ एक लाकडी फळी असावी. तिच्या भोकांत तेल-शाम्पूच्या बाटल्या उलट्या टेकवून ठेवाव्यात आणि शेजारी कात्री बांधलेली असावी, म्हणजे नळी चिरणे ही एकट्या मुलाची चोरटी गोष्ट न राहता सर्वांची रीत होईल. आठवीच्या गणिताच्या तासाला एक ‘संपलेली’ बाटली तराजूवर तोलावी, पूर्ण रिकामी व कोरडी करून पुन्हा तोलावी आणि दोहोंतील फरकाचे रुपये फळ्यावर मांडावेत. विज्ञानाच्या शिक्षकांनी तो फरक का उरतो ते शिकवावे. इतिहासाच्या तासाला महाडच्या परिषदेतील दोन्ही ठराविक गोष्टी, पाणी आणि उष्टे, एकत्र सांगाव्यात. आणि रिकाम्या, कोरड्या बाटल्या घंटागाडीवरील भगिनींच्या हाती वेगळ्या पिशवीत द्याव्यात. ती पिशवी देण्याची पाळी दर आठवड्याला वेगळ्या विद्यार्थ्याची असावी, म्हणजे प्रत्येक मुलाला त्या भगिनींना नावाने हाक मारता येईल.

फळीसाठी लागणारे लाकूड शाळेच्या जुन्या बाकांतून निघेल. येत्या सत्राच्या आरंभीच हे काम व्हावे, अशी आमची व्यवस्थापनास आणि पालकांस विनंती आहे. जयभीम.