बुणग्यांची नोंद

अंजनगाव सुर्जी म्हटलं की ३० डिसेंबर १८०३ चा तह आठवतो: दौलतराव शिंदे, आर्थर वेलस्ली आणि हातचा गेलेला मुलूख. पण आडगाव, गाविलगडापर्यंत लढलेल्या या फौजा जेवत काय होत्या? वेलस्लीची पत्रं बंजाऱ्यांच्या धान्याच्या काळजीनं भरलेली आहेत. आणि तांडा म्हणजे बैलांबरोबर बायका-मुलांसकट अख्खं कुटुंबच. फौजेमागच्या बायकांचा प्रश्न तिकडंही होताच: फ्रान्सनं १७९३ च्या कायद्यानं फौजेतल्या ‘निरुपयोगी’ बायका हाकलल्या, पण धोबिणी आणि दारू-शिधा विकणाऱ्या बायकांना अधिकृत जागा दिली. आपण मात्र फौजेमागून चालणाऱ्या सगळ्यांना मिळून एकच शब्द दिला, बाजारबुणगे, तोही शिवीसारखा. यावर पानिपताचा दाखला निघणारच, की याच लटांबरानं फौजेचे पाय बांधले. खरं आहे, पण अर्धंच. पानिपतावर यात्रेकरूही होते, आश्रितही. त्यांना आणि दाणा पुरवणाऱ्यांना एकाच मापानं कसं मोजायचं? शिवाय जिंकलेल्या वेलस्लीच्या मागंही बाजार चालतच होता. फरक होता तो बाजाराला लावलेल्या शिस्तीत. बाजारात भाकरी थापणाऱ्या बाईचं नाव तहात येणार नाही, हे कबूल. लढाईच्या इतिहासात तिला एक ओळ मिळायला मात्र हरकत नव्हती.