विश्लेषण : चाकणच्या आकाशात एअर टॅक्सी? परवाना दिल्लीचा, जमीन राज्याची!

नाशिक फाटा ते चाकण रस्त्यावरील कोंडीवर विजेवरील एअर टॅक्सी हा सुटसुटीत उपाय वाटू शकतो. मात्र, ती उडवण्याचा अधिकार एकाकडे आणि उतरवून घेण्याची जबाबदारी दुसऱ्याकडे, अशी स्थिती आहे.

एअर टॅक्सी म्हणजे काय?

हेलिकॉप्टरप्रमाणे सरळ वर जाणारे आणि तसेच खाली उतरणारे, बॅटरीवर चालणारे छोटे विमान. अमेरिकेच्या आर्चर कंपनीच्या ‘मिडनाइट’मध्ये वैमानिक आणि चार प्रवासी बसतात. इंटरग्लोब समूहाने नोव्हेंबर २०२३ मध्ये आर्चरसह दिल्ली-गुरुग्राम सेवेची योजना जाहीर केली. त्यासाठी २०२६ चे लक्ष्य ठेवण्यात आले होते.

केंद्राचे अधिकार कोणते?

विमाने आणि हवाई वाहतूक हे विषय राज्यघटनेच्या संघसूचीत आहेत. भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ हा कायदा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. विमान सुरक्षित आहे का, हे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय (डीजीसीए) ठरवते. एअर टॅक्सीच्या तळांसाठी, म्हणजे ‘व्हर्टिपोर्ट’साठी, डीजीसीएने २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या.

मग राज्याच्या हाती काय?

जमीन, नगररचना, पोलीस, अग्निशमन आणि तळापर्यंतचा रस्ता. चाकणच्या औद्योगिक क्षेत्रात नियोजन एमआयडीसीकडे, शहरात पिंपरी-चिंचवड महापालिकेकडे, तर आसपासच्या भागात पीएमआरडीएकडे. इमारतीच्या गच्चीवर तळ हवा असेल, तर आग, आवाज आणि शेजाऱ्यांच्या हरकती यांचे उत्तर स्थानिक यंत्रणेलाच द्यावे लागेल.

पुण्यातील वेगळी अडचण काय?

लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे. त्याच्या परिसरात इमारतींच्या उंचीवरही बंधने आहेत. त्यामुळे एअर टॅक्सीच्या मार्गासाठी हवाई दलाची संमती कळीची ठरेल. जमिनीचा धडा तर जुनाच आहे. चाकण परिसरातील विमानतळाचा प्रस्ताव अनेक वर्षे रखडला आणि अखेर प्रकल्प पुरंदरकडे गेला.

कोंडी सुटेल का?

कंपनीच्या बसमध्ये ५० कामगार बसतात असे धरले, तर तेवढ्यांना नेण्यासाठी चार आसनी एअर टॅक्सीच्या १३ फेऱ्या लागतील. म्हणजे ही सोय प्रामुख्याने अधिकारी, ग्राहक आणि तातडीच्या रुग्णसेवेसाठी. कामगारांची वाट रस्त्यावरूनच जाणार आहे. त्यामुळे व्हर्टिपोर्टसाठी सार्वजनिक जमीन किंवा निधी देताना त्याचा लाभ नेमका कोणाला, याचा हिशेब राज्याला आधी मांडावा लागेल.