जामीन मंजूर, पण सातबारा नाही. मग माणूस जेलमध्येच!

रावेर : कोर्टाने जामीन दिला म्हणजे माणूस सुटला, असं गावात समजतात. गरिबाची खरी अडचण तिथूनच सुरू होते. आदेशात रक्कम असते आणि तेवढ्या ऐपतीचा जामीनदार मागितलेला असतो. जामीनदार म्हटला की सातबारा, घराचा उतारा, नाहीतर ऐपतीचा दाखला आला. केळीच्या बागेत रोजाने घड वाहणारा मजूर हे आणणार कुठून? आरोप एकच असला तरी जमीनवाला घरी येतो आणि मजूर जेलमध्ये राहतो.

आपला तालुका मध्य प्रदेशाला लागून आहे. सातपुड्यातले, बऱ्हाणपूरकडचे मजूर इकडे कामाला येतात. त्यांचे नातेवाईक तिकडचे, जमिनीचे कागदही तिकडचे. ‘इथलाच जामीनदार आणा’ म्हटलं की वाट बंद.

हा प्रश्न जुनाच आहे. 1978 मध्ये मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याकडे 10 हजारांचा जामीनदार मागितला होता. भाऊ उभा राहिला, तर तो दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला. सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला 1 हजाराच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. जामीनदार परजिल्ह्यातला आहे एवढ्यावरून नाकारता येत नाही, हेही तेव्हाच ठरलं.

आरोपी तारखेला यावा म्हणून जामीनदार मागतात, हे खरं. माणूस पळाला तर केस रखडते, फिर्यादीचं नुकसान होतं. पण ज्याचं घर, बायको-पोरं, काम गावात आहे तो सहसा पळत नाही. हे बघायला सातबारा लागत नाही.

कायदाही तेच सांगतो. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 484 प्रमाणे जामिनाची रक्कम परिस्थिती बघून ठरवायची, ती अवाजवी नको. सेशन कोर्ट किंवा हायकोर्ट ती कमी करू शकतं. गुन्हा जामीनपात्र असेल आणि अटकेपासून आठवड्यात जामीन भरता आला नाही, तर कलम 478 प्रमाणे तो माणूस गरीब समजून जातमुचलक्यावर सोडायचा असतो.

31 जानेवारी 2023 ला सुप्रीम कोर्टाने आणखी सांगितलं : जामीन मिळूनही 7 दिवसांत सुटका झाली नाही, तर जेल अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. महिनाभरात जामीन भरला गेला नाही, तर अट सैल करायचा विचार कोर्ट स्वतःहून करू शकतं. त्याच वर्षी केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना आणली. तिच्या मूळ सूचनांप्रमाणे कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी 40 हजारांपर्यंत रक्कम सरकार कोर्टात भरतं. अमली पदार्थ, भ्रष्टाचार अशा काही गुन्ह्यांना ती लागू नाही.

म्हणजे तरतूद आहे, पण ती बऱ्याचदा कागदावर राहते, कारण मजुराच्या घरच्यांना ती माहीतच नसते. अशा वेळी व्याजाने पैसे काढण्याआधी तालुका विधी सेवा समितीकडे जा, नाहीतर 15100 वर फोन लावा. कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्याच्याकडून ‘ऐपत नाही, अट कमी करा’ असा अर्ज लगेच टाकून घ्या.