रॉक? आहे ना, ट्रॅफिक अपडेटमध्ये!

१७ मे २०२५. शनिवारची संध्याकाळ, सात रस्त्याचा सिग्नल, आणि काळी-पिवळी टॅक्सी जागची हलत नव्हती. खिडकीबाहेर जिकडे बघावं तिकडे काळे टी-शर्ट. कॉलेजची पोरं, टक्कल पडलेले बाबा लोक, नऊवारीतल्या आजी सोडून सगळे! महालक्ष्मी रेसकोर्सवर गन्स अँड रोझेस वाजवणार होते. टॅक्सीतल्या रेडिओवर आरजे एकदम उत्साहात म्हणाला, ‘दोस्तांनो, महालक्ष्मीला कॉन्सर्ट आहे, त्या बाजूला जाम ट्रॅफिक आहे, शक्यतो जाऊ नका.’ आणि पाठोपाठ त्यानं हिंदी रोमँटिक गाणं लावलं. मी ड्रायव्हरकाकांना स्टेशन बदलायला सांगितलं. दुसऱ्यावरही हिंदी. तिसऱ्यावर जुनं हिंदी. चौथ्यावर तेच पहिलं गाणं, फक्त अंतऱ्यापर्यंत पोचलेलं.

‘ताई, सभा आहे का कुणाची?’ काकांनी विचारलं.

शेजारी बसलेला माझा मावसभाऊ खो खो हसला. दादा बेचाळीस वर्षांचा आहे. पोटावर ताणलेला त्याचा काळा टी-शर्ट वीस वर्षं जुना. म्हणाला, ‘बघ, शेवटी आलं रॉक रेडिओवर. ट्रॅफिक अपडेटमध्ये.’

आता तुम्ही म्हणाल, रेडिओ कोण ऐकतं? फोन आहे, ॲप आहे, हवं ते लावा. कबूल. पण खरं सांगा, ऑफिसची शेअर कॅब, रिक्षा, सलून, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, या सगळ्यांकडे काय वाजतं? आपण मागितलेलं नसतं, तरी कानावर पडतं. नवीन आवड लागते ती अशीच. जे आपल्याला माहीतच नाही, ते आपण ॲपवर सर्च कसं करणार?

दादाला रॉकची आवड रेडिओवरच लागली. १९९३ मध्ये आकाशवाणीनं मुंबई आणि दिल्लीत एफएमचे तास खासगी कंपन्यांना द्यायला सुरुवात केली. टाइम्स एफएम हे नाव तुमच्या घरातल्या चाळिशीच्या माणसांना विचारा, डोळे लगेच चमकतात. दादा तेव्हा दहा वर्षांचा. दोन-इन-वनमध्ये कोरी कॅसेट घालून, रेकॉर्डच्या बटणावर बोट ठेवून वाट बघत बसायचा. गाण्याच्या शेवटी निवेदक बोलायला लागला, की मावशीच्या स्वयंपाकघरापर्यंत शिव्या ऐकू यायच्या. ते खासगी तास १९९८ मध्ये बंद झाले. मग २००२ मध्ये मुंबईत खरी खासगी स्टेशनं आली, आणि त्यातलं गो ९२.५ तर इंग्रजी गाण्यांवरच भर देणारं! दादाच्या कॉलेजात त्या वर्षी दिवाळी दोनदा झाली म्हणे.

फार टिकली नाही ती. त्या पहिल्या फेरीत स्टेशनांनी लायसन्ससाठी बोली लावली होती. मुंबईचा आकडा वर्षाला दहा कोटींच्या घरात, वर दर वर्षी त्यात पंधरा टक्क्यांची वाढ ठरलेली. म्हणजे जाहिराती मिळोत ना मिळोत, मीटर चालूच. विन ९४.६ बंदच पडलं. गोमध्ये हळूहळू हिंदी वाढत गेलं आणि पुढे त्याचं रेडिओ वन झालं. २००५ च्या नव्या धोरणानं ती ठरीव फी काढून उत्पन्नाच्या ४ टक्के वाटा ठेवला. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मग तरी रॉक यायला हवं होतं ना?

नाही आलं. आणि याचं कारण ‘मुंबईकरांना रॉक आवडत नाही’ हे अजिबात नाही.

दादर स्टेशनबाहेर उभं राहा. ओळीनं सात वडापावच्या गाड्या आहेत असं समजा. गर्दीतल्या शंभरातल्या ऐंशी जणांना वडापाव हवाय आणि आठ जणांना इडली. सात गाड्यांनी ऐंशी जण वाटून घेतले, तर प्रत्येकाकडे अकरा-बारा गिऱ्हाइकं. इडलीची गाडी लावली तर आठ. मग कोण लावेल इडली? कुणीच नाही! वडापाववाल्यांची संख्या दहाच्या पुढे गेली, की मग कुठे अकराव्याला वाटेल, चला, इडली करून बघू. आठ भुकेले लोक रोज तिथून उपाशी जातात, आणि तरी त्या गाडीवाल्यांपैकी एकाचाही हिशोब चुकलेला नसतो.

रेडिओवर तर नव्या गाड्यांना जागाच नाही. मुंबईचा डायल आठवा. ९१.१, ९१.९, ९२.७, ९३.५, ९४.३. प्रत्येक वेळी बरोबर पॉइंट आठची उडी. हा योगायोग नव्हे. एकाच शहरात दोन स्टेशनांमध्ये ८०० किलोहर्ट्झचं अंतर ठेवायचा नियम आहे. हे अंतर निम्मं करा, अशी शिफारस ट्रायनं केली होती. त्यात २००५ च्या धोरणानुसार एका कंपनीला एका शहरात एकच स्टेशन. मग जे एकुलतं एक हातात आहे, त्यावर प्रयोग कोण करणार? ते मधोमधच चालवणार, म्हणजे ताजं हिंदी फिल्मी.

२०११ च्या धोरणानं ही अट सैल केली आणि एका कंपनीला एका शहरात एकाहून जास्त स्टेशनं घेता येऊ लागली. आम्हा लोकांना वाटलं, आता होईल वेगळं काहीतरी. पण २०१५ च्या लिलावात मुंबईची एक फ्रिक्वेन्सी १२० कोटींच्या वर गेली! दिल्लीची तर १७० कोटींच्या आसपास. एवढे पैसे ओतल्यावर कुठला शेठ म्हणेल, ‘चला पोरांनो, मेटल वाजवू’? २०१६ मध्ये मुंबईत नवीन आलेल्या रेडिओ नशानं काय वाजवलं? रेट्रो. सत्तर-ऐंशीच्या दशकातली हिंदी गाणी. मला ती आवडतात, राग नाही. पण नवीन म्हणून जुनंच आलं, हे गमतीशीर आहे खरं.

एका मोठ्या स्टेशनवर नोकरी केलेली माझी मैत्रीण आहे. (स्टेशनचं नाव नको, तिला त्या इंडस्ट्रीत अजून काम मिळवायचंय.) एकदा कॉफी पिताना तिनं मला प्लेलिस्ट कशी बनते ते सांगितलं. माझी अशी भाबडी समजूत होती, की आरजे आपल्या आवडीचं गाणं लावतो. ती इतकी हसली की कॉफी सांडली. गाणी एक सॉफ्टवेअर लावतं. कुठलं गाणं दिवसातून किती वेळा, कोणाच्या नंतर कोण, सगळं आधी ठरलेलं. आरजेच्या वाट्याला मधली बडबड. गाणं त्या यादीत राहणार की जाणार हे ठरवायला लोकांना फोन करून गाण्याचा दहा सेकंदांचा तुकडा ऐकवतात. माहीत आहे का? आवडतं का? कंटाळा आलाय का?

आता मला सांगा, जे गाणं रेडिओवर कधी वाजलंच नाही, ते ‘माहीत आहे का’ या प्रश्नाला काय मार्क मिळवणार? अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, हा प्रकार आपण सगळ्यांनी पहिल्या इंटरव्ह्यूला भोगलाय. इथे गाण्यांचा इंटरव्ह्यू असतो, एवढंच.

फिल्मी गाण्याला मात्र हा इंटरव्ह्यू द्यावाच लागत नाही. पिक्चर येणार म्हणून टीव्हीवर प्रोमो, होर्डिंग, हिरो-हिरॉइन स्वतः स्टुडिओत, आणि शिवाय निर्माता त्याच स्टेशनवर जाहिरातीही देतो. लोकांच्या कानाला रॉकची ॲलर्जी असती, तर २००८ मध्ये काय झालं असतं? ‘रॉक ऑन’ आला आणि महिनोन्‌महिने त्याच स्टेशनांवर डिस्टॉर्शन गिटार दणाणत होती. २०११ मध्ये ‘रॉकस्टार’. तीच गिटार, तेच ड्रम्स. रिक्षावाल्यांनीसुद्धा आवाज वाढवला. एकाही श्रोत्यानं ‘हे बंद करा, कान दुखतात’ असं म्हटल्याचं मैत्रिणीला आठवत नाही. गिटार चालते हो. फक्त तिच्यासोबत पिक्चरचं तिकीट लागतं.

रॉयल्टी परवडत नाही, हेही एक जुनं कारण. एके काळी स्टेशनांना संगीत वाजवलेल्या तासांवर रॉयल्टी मोजावी लागायची, आणि ती जड जायची हे खरं. पण २०१० मध्ये कॉपीराइट बोर्डानं तासांचा हिशोब मोडून निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या २ टक्के असा दर ठरवला. मग त्यानंतर तरी काय बदललं? प्लेलिस्ट होती तशीच!

आणि लोक पैसे मोजायलाही तयार होते. वर्ल्डस्पेस आठवतंय? तो खास रिसीव्हर, खिडकीत ठेवायची छोटी अँटेना. वर्षाची वर्गणी भरून लाखो लोक भारतात सॅटेलाइट रेडिओ ऐकत होते, आणि त्यात रॉकसाठी वेगळं चॅनल होतं. अमेरिकेतली मूळ कंपनी कर्जात बुडाली आणि ३१ डिसेंबर २००९ ला इथलं प्रसारण थांबलं. दादाचा रिसीव्हर अजून माळ्यावर आहे. मावशीनं तीनदा भंगारात काढला, यानं तीनदा परत आणला. बेंगळुरू आणि गोव्यात रेडिओ इंडिगोनं इंग्रजी गाण्यांवर वर्षानुवर्षं स्टेशन चालवलं. मुंबईतही रेडिओ वननं गेल्या दशकात इंटरनॅशनल फॉरमॅट घेऊन पाहिला, पण माझ्या कानाला तरी त्यात पॉप आणि डान्सच जास्त ऐकू आलं. सगळ्यात बोलकं उदाहरण रेडिओ सिटीचं. त्यांनी स्वतंत्र बँड्ससाठी ‘फ्रीडम’ नावाचं स्टेशन काढलं, पुरस्कारही सुरू केले. पण ते स्टेशन कुठे? इंटरनेटवर. म्हणजे गाड्यांच्या संख्येवर बंधन नाही, तिथे इडली विकायला तेच लोक तयार होते.

हे सगळं इंग्रजी रॉकपुरतं असतं, तर कदाचित मी हा कॉलम लिहिलाही नसता. मोठ्या परदेशी बँड्सचं काही अडत नाही, रेसकोर्स भरतंच. अडलं ते इथल्या पोरांचं. या शहरात १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक भरत होतं, धोबी तलावच्या रंगभवनात पोरं घामाघूम होऊन नाचत होती. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमानं रंगभवनातला आवाजही बंद झाला. रॉक मशीनसारखा बँड, जो पुढे इंडस क्रीड झाला, पेंटाग्राम, झीरो, भयानक मौत. यातली किती नावं तुमच्या आईनं ऐकलीत? विशाल दादलानी तिला नक्की माहीत असेल. पेंटाग्राममुळे नाही, फिल्मी गाण्यांमुळे आणि टीव्हीवरच्या जजच्या खुर्चीमुळे.

दादाचाही बँड होता. चौघं जण, ठाण्यात एकाच्या गॅरेजमध्ये प्रॅक्टिस, शेजाऱ्यांची रोज तक्रार. मराठीत रॉक करायचं हे त्याचं खूळ. २००६ मध्ये खासगी एफएमची दुसरी लाट येत होती, नवीन स्टेशनं उघडत होती, तेव्हा यांनी एकेकाचा पगार घालून तीन गाण्यांची सीडी रेकॉर्ड केली. एक गाणं शेवटच्या कर्जत लोकलवर होतं. ते मला अजून तोंडपाठ आहे. दादा ऑफिसला दांडी मारून, इस्त्रीचा शर्ट घालून, सीडी घेऊन एका स्टेशनवर गेला. दोन तास बसवल्यावर तिथल्या साहेबांनी खरंच ऐकली ती. पूर्ण. बोटांनी टेबलावर ठेकाही धरला. मग म्हणाले, ‘मस्त आहे रे. कुठल्या पिक्चरचं?’

पिक्चरचं नाही म्हटल्यावर साहेबांचा चेहरा पडला, असं दादा सांगतो. म्हणजे त्यांना खरंच वाईट वाटलं. इंग्रजी असतं तर रात्री अकरानंतर कुठेतरी बसवलं असतं, म्हणाले. मराठी आहे, तर सकाळी सहाच्या स्लॉटमध्ये भावगीतांबरोबर कसं लावू? दोन्ही कप्प्यांत न बसणारी ती सीडी त्यांनी परत दिली. खोका न उघडता तर नाहीच, उलट कव्हरवरचा बोटांचा डाग रुमालानं पुसून.

बँड लगेच मोडला नाही. दोन वर्षं रेटला. मग ड्रमर बेंगळुरूला गेला, एकाचं लग्न झालं. दादा आता ऐरोलीत एका आयटी कंपनीत डिलिव्हरी मॅनेजर आहे आणि बेस गिटार कपाटावर, सुटकेसच्या मागे. लॉकडाऊनमध्ये त्यानं ती तीन गाणी स्ट्रीमिंगवर टाकली. लोकलवाल्या गाण्याचे एकूण प्लेज ४१२. त्यातले शंभरेक माझे असावेत.

तर त्या रात्री कॉन्सर्ट सुटल्यावर तासभर चालून आम्हाला लोअर परळला ॲपवाली कॅब मिळाली. कान सुन्न, घसा बसलेला. गाडीत रेडिओ चालू होता, संध्याकाळचंच गाणं. ड्रायव्हर पंचविशीचा, साताऱ्याकडचा. मी म्हटलं, ‘भाऊ, ब्लूटूथ जोडू का?’ आणि दादा नको नको म्हणत असताना लोकलवालं गाणं लावलं. पोरानं काही न बोलता आवाज दोन टिंबं वाढवला. सायन येईपर्यंत स्टिअरिंगवर बोटं वाजवत होता.

गाणं संपलं. तो आरशातून मागे बघून म्हणाला, ‘सॉलिड आहे. कुठल्या पिक्चरचं?’

दादा खिडकीबाहेर बघत होता. म्हणाला, ‘यायचाय अजून.’