'होपफुल' म्हणजे नुसतं 'आशावादी' नव्हे

शिक्षक मित्रांनो, 'होपफुल = आशावादी' असं मुलांकडून पाठ करून घेऊ नका. आशावादी हा स्वभाव झाला. त्यासाठी 'ऑप्टिमिस्टिक' जास्त जवळचा. 'होपफुल' म्हणजे एखाद्या गोष्टीची आशा वाटणं. आपण म्हणतो, 'मला आशा आहे', म्हणून मुलं सरळ 'आय ॲम होप' म्हणून मोकळी होतात. मराठीत आशा आपल्याला असते, इंग्रजीत आपणच 'होपफुल' असतो. दोन्ही वाक्यं फळ्यावर शेजारी लिहा. मग प्रत्येकाला स्वतःच्या मनातलं वाक्य करू द्या. 'आय ॲम होपफुल अबाउट द रेन.' ज्याच्या घरी पेरणी होऊन पाऊस लांबलाय, ते मूल हा शब्द विसरेल का? शब्दार्थाच्या वहीतला शब्द तोंडी येतो तो असा. आणि हो, स्पेलिंगमध्ये शेवटी एकच एल!